महिपतीतात्यांचा हातगुण

निरवांगीत कुणाच्याबी द्राक्षबागंत फवारणी निघाली, की पहिला बॅरल आमच्या मालकांनी हातानं ढवळायचा, असा रिवाज हाय. काठीनं न्हाय, हातानं. बाही वर सारायची, कोपरापतूर हात औषधाच्या पाण्यात घालायचा आन् सात येळा गोल फिरवायचा. मग त्या औषधाला गुण येतो म्हणं. बुरशी जळती, कीड पळती, आन् मालाला भावबी चांगला लागतो म्हणं. आता भाव काय बॅरलात बुडी मारून बसलेला असतो व्हय? पण बोलायचं कुणी?

मीच बोलती. मी कौसल्या, त्या हाताची बायको. चाळीस वर्सं त्या हातापुढं ताट ठेवलंय, तवा मला बोलायचा हक्क हाय.

ह्ये खूळ कुठनं आलं ते आधी सांगती. पस्तीस वर्सांमागं एका साली डावणीनं साऱ्या गावच्या बागा झोडपल्या. डावणी म्हंजी द्राक्षाच्या पानावर येणारी बुरशी, दोन दिवसांत घड काळं करून टाकती. त्या साली एकच बाग वाचली, आप्पासाहेबाच्या वडलांची. तितं आमचं मालक फवारणीला गेलते. ढवळायची काठी मोडली, म्हणून ह्यांनी हात घातला. झालं! ती बाग उंचावर हाय, वारं मोकळं लागतं, पानं लौकर सुकत्यात, म्हणून वाचली असंल, असा इचार गावात एकानंबी केला न्हाय. सगळी म्हणली, महिपतीच्या हाताला गुण हाय. आन् आमच्या मालकांनी ते लगेच खरं मानलं. माझं चाळीस वर्सांत एक खरं मानलं न्हाय, गावाचं मातर एका दिवसात.

तवापासनं छाटणी झाली की आमच्या दारात रांग. 'तात्या, चला.' 'तात्या, आमच्याकडं आधी.' मालक घरी यायचे ते हात कवा निळा, कवा पिवळा. तसंच जेवायला बसायचे. मी म्हणायची, "अवो, साबणानं हात धुवा." तर म्हणायचे, "अगं, औषधच हाय ते, इख हाय का?" आन् ते ज्या डब्याकडं बोट दाखवायचे, त्या डब्यावर लाल चौकोनात कवटी काढलेली. मला वाचता येत न्हाय, पण कवटी कळती.

मीबी शानी न्हवते म्हणा. रिकामं झालेलं कॅन मीच धुवून घरात घेतलं. एकात रॉकेल, एकात ताक. मोठ्या बॅरलात ज्वारी. बॅरल धुयाचा तोबी हिरीच्या कडंला, कारण तितं पाणी जवळ. सगळी वस्ती त्याच हिरीचं पाणी पिती. तवा कुणाला काय वाटलं न्हाय. खोटं कशाला बोलू, मलाबी वाटलं न्हाय.

हाताच्या जोडीला मालकांचं नाक. कुणाच्या कॅनाचं लेबल गेलं, की कॅन आमच्याकडं. मालक झाकण काढायचे, नाक आत घालायचे, डोळं मिटायचे आन् सांगायचे, "बुरशीचं." "अळीचं." "ह्ये उसातलं तणनाशक हाय, बागंत नेऊ नगस, येल करपतील." कवा चुकले न्हाईत. तवा मलाबी त्या नाकाचा अभिमान वाटायचा. माहेरी जाऊन सांगायची मी.

तीन वर्सांमागं थंडीत ह्यांच्या खाटंखाली उंदीर मेला. पत्र्याच्या पेटीमागं, दिसंना. चार दिवसांत घरात थांबवंना. माझा ल्योक संदेश बायको-पोरांना घिऊन गोठ्यात झोपायला गेला. मी पदर नाकाला लावून वट्यावर. आमचं मालक मातर त्याच खाटंवर घोरत पडलेले. सकाळी उठून इचारत्यात, "समदी कुठं गेली? गोठ्यात काय लगीन हाय?"

 मी म्हणलं, "अवो, तुमाला वास येत न्हाय?" तर माझ्यावरच खेकसले, "उंदरानं मरताना अत्तर लावायला पायजे व्हतं काय? येवढं काय त्यात!" मी पेटी वढली, उंदीर काढला, पुरला. आन् ती गोष्टबी त्याच्यासंगं पुरली. ह्यांच्या नाकाची बातमी गावात गेली तर ह्यांचं कसं व्हायचं, येवढाच इचार केला.

त्याच्यापुढं मालकांनी नवी युक्ती काढली. कुणी कॅन आणला, की आधी त्याची उलटतपासणी. कुठनं घेतलंस? कवा घेतलंस? कशासाठी? किती उरलंय? रंग बघायचा, हलवून दाटपणा बघायचा. सारं कळलं, की मग नाक आत घालून डोळं मिटायचं. बघणारा म्हणायचा, काय पण नाक हाय! मी चुलीम्होरं बसून दात खायाची.

मग मागल्या सालच्या पावसाळ्यात हात सुरू झाला. उजव्या हाताचा अंगठा आन् बोट, नुसतं बसलं असलं तरी तंबाखू मळल्यागत हलायचं. मला आधी तंबाखूच वाटली. मी वरडले, "हातात कायबी नसताना मळताय, इतकं येसन लागलं का?" मालकांनी हात मांडीखाली दाबला आन् दुसरीकडं बघाया लागले. त्यांचं ते बघणं मला आजबी आठवतं. च्याचा कप बशीत वाजाया लागला. चालताना पाय घसटाया लागला. सोसायटीच्या मिटिंगला सही केली ती इतकी बारीक, की सचिव म्हणला, तात्या, ह्यो काय ठिपका हाय का सही?

आन् गाव काय म्हणलं असंल? गाव म्हणलं, "तात्यांचा हात आता आपसूक ढवळतोय! नुसता बॅरलात ठेवला तरी काम झालं." त्या साली रांग दुप्पट झाली. अशा लोकांचं काय करायचं सांगा!

संदेशनं ऐकलं न्हाय. त्यानं गाडी काढली आन् बारामतीला मेंदूच्या डॉक्टरणीकडं आमाला नेलं. डॉक्टर स्वरूपा म्हणून पोरगी, माझ्या सुनंच्या वयाची, पण बोलायला गोड. मालकांनी आत जाताना सदरा नीट केला, टोपी नीट केली, आन् उजवा हात खिशात घातला.

"काका, हात खिशातून काढा," ती म्हणली.

"गार वाजतंय," मालक म्हणले. मे महिना व्हता.

तिनं कागद दिला. 'मी बारामतीला आलो आहे' असं पाच येळा लिवायला सांगितलं. पहिली वळ बरी व्हती. दुसरी बारीक. पाचवीपतूर अक्षर मुंगीयेवढं झालं. मालक म्हणले, "कागद संपत आला, म्हणून बारीक लिवलं." कागद अर्धा कोरा व्हता. डॉक्टरणीनं कागद फायलीत ठेवला. मग तिनं चालायला लावलं. "काका, सावकाश चालताय का?" "घाई कशाची? आमच्या घराण्यात कुणी पळत न्हाय."

मग तिनं इचारलं, फवारणी करता का. अरे द्येवा! मालकांची कळी खुलली. पस्तीस वर्सांची पुराणं सुरू. कुठलं कुठलं औषध, कुणाकुणाची बाग, कोपरापतूर हात, सात फेरं. डॉक्टरीण भराभरा लिवत व्हती. मालकांना वाटलं, आपला सत्कारच व्हतोय. मधीच मला कोपरानं ढोसून म्हणत्यात, "बघ, पेपरात छापणार."

"हातमोजे? मास्क?" तिनं इचारलं.

मालक हसले. "म्याडम, हातमोजं घातल्यावर गुण कसा उतरंल?"

तिनं पेन खाली ठेवलं. आमच्याकडं असं बघितलं, की माझा मलाच राग आला. मग तिनं इचारलं, बॅरल कुठं धुता, पाणी कुठलं पिता, ज्वारी कशात ठेवता. संदेश सांगत व्हता. मी खाली मान घालून फरशी बघत व्हते.

शेवटी नाक. तिनं काचंच्या तीन बाटल्या काढल्या, म्हणली, "काका, डोळे मिटा. कसला वास आहे ते सांगा." मालकांनी डोळं मिटलं, पण अर्धं. डाव्या डोळ्याची फट मी इकडनं सवच्छ बघितली. "कापी," मालक म्हणले. "लवंग." "साबण." तिन्ही बरोबर! डॉक्टरीण म्हणली, "वास चांगला येतोय की." आन् तिनं तसं लिवलं.

मी तवाच सांगायला पायजे व्हतं.  पोराच्या देखत, परक्या बाईपुढं, नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी गप बसले. मालकांनी माझ्याकडं बघून मिशीत हसून घेतलं, आन् मला मेल्याहून मेल्यागत झालं.

डॉक्टरणीनं सांगितलं, ह्याला पार्किन्सन म्हणत्यात. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरत्यात, हात-पाय ऐकंनासं व्हत्यात. गोळ्यांनी बरंच सावरतं, रोज चालायचं, हात मोकळा ठेवायचा. मग म्हणली, "काकू, काकांचा आजार ह्याच औषधांनी झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याला अनेक कारणं असतात. पण अशा औषधांशी वर्षानुवर्षं संबंध आलेल्यांना धोका जास्त असतो, असं अभ्यासात दिसलंय. आजपासून काकांनी त्यात हात घालायचा नाही. अगदी बंद."

 परतीच्या वाटंवर लासुर्णं गेल्यावर मालक म्हणले, "गावात कुणाला सांगायचं न्हाय." संदेश म्हणला, "तात्या, आन् बॅरल?" मालक खिडकीबाहेर ऊस बघत म्हणले, "हात घालायचा बंद केला, तर मी कोण उरतो रं?"

संदेशनं गाडीचा गियर बदलला. 

घरी आल्यावर मालकांनी गावाला सांगितलं, बारामतीच्या डॉक्टरणीनं तपासलं, म्हणली, हाताची नस लई जोरकस हाय. गोळ्या ताकदीच्या म्हणून सांगितल्या. गोळ्यांनी थरथर जरा कमी झाली, तसं मालक पुन्हा बॅरलाकडं निघाले. मी अडवलं, भांडले, दोन दिवस सैपाक केला न्हाय. मालक आप्पासाहेबाच्या घरी जेवून आले.

ह्यो आप्पासाहेब म्हंजी ज्याची बाग पस्तीस वर्सांमागं वाचली, त्याचा ल्योक. आता त्योच कारभारी. छप्पन-सत्तावन वय, गडगडाट करून हसणारा, मालकांचा पक्का भगत. पाच एकर ऊस, दोन एकर द्राक्ष. सारा जीव द्राक्षांत. औंदाच्या छाटणीनंतर पाऊस झाला, धुकं पडलं, आन् डावणी दिसाया लागली. आज फवारलं न्हाय तर उद्या बाग गेली, अशी येळ आली.

त्या सकाळी आप्पासाहेबाचा ट्रॅक्टर आमच्या दारात. मालकांना आता पाटाच्या कडंनं बागंपतूर चालवत न्हाय, म्हणून बॅरलच हाताकडं आला व्हता! ट्रॉलीत पाण्यानं भरलेला बॅरल, संगं आप्पासाहेबाचा धाकटा भाऊ विजयसिंह, आन् वरच्या वस्तीवरली दोघं, फवारणीला आलेली. आप्पासाहेबाच्या दोन्ही हातांत दोन पांढरं कॅन. दोन्हीवर लेबल न्हाय.

"लेबल कुठं गेलं?" मालकांनी इचारलं.

"शेळीनं खाल्लं," आप्पासाहेब म्हणला.

"दोन्हीचं?"

"दोन्हीचं. कागद चवीचा असंल. शेळीला मातर काय झालं न्हाय, ठणठणीत हाय. तात्या, एक उसातलं तणनाशक हाय आन् एक डावणीचं औषध. कुठलं कुठलं ते सांगा आन् हात घाला, म्हंजी मी मोकळा."

मालकांनी उलटतपासणी सुरू केली. कुठनं घेतलं? दोन्ही इंदापुरातनं, एकाच दुकानातनं. कवा? एकाच दिवशी. किती उरलंय? दोन्ही निम्मं. रंग? दोन्ही पिवळसर. मालकांनी दोन्ही हलवून बघितलं. दोन्ही सारखंच हललं. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला वट्यावरनं दिसला. थंडीच्या दिवसांत घाम.

मग त्यांनी पहिल्या कॅनात नाक घातलं, डोळं मिटलं. दुसऱ्यात घातलं.  मालकांनी डाव्या कॅनावर थाप मारली. "ह्ये डावणीचं. वत."

विजयसिंहानं झाकण काढलं. वाऱ्याची झुळूक आली आन् तो वास माझ्यापतूर आला. मी तरणीताठी असल्यापास्नं उसात खुरपायला जाते. तणनाशक मारलेल्या सरीत कैक दुपारी डोकं धरून बसलेय. त्यो वास मी सातजन्मी इसरायची न्हाय. ते उसातलं तणनाशक व्हतं. बागंवर पडलं असतं, तर चार दिवसांत येल वाकडं व्हऊन करपलं असतं. आन् मालकांनी बाही वर सारली व्हती.

त्या घटकंला माझ्या डोक्यात दोनच गोष्टी आल्या. बोलले, तर ह्यांची गावातली इज्जत गेली. न्हाय बोलले, तर आप्पासाहेबाची बाग गेली, आन् ह्यांचा हात पुन्हा त्या इखात गेला. बारामतीत एकदा गप बसले व्हते. त्याचा पस्तावा रोज उशाला घिऊन झोपत व्हते.

"थांब विजयसिंहा!" मी वट्यावरनं वरडले, इतकं की म्हस दावं वढून उठली. "ते तणनाशक हाय. ह्यांना वास येत न्हाय. तीन वर्सं झाली, ह्यांना कसलाच वास येत न्हाय!"

 मालकांचं त्वांड लालभडक झालं. "कौसल्ये, आत जा."

"न्हाय जात."

"चार माणसांत माझी अब्रू काढतीस?"

"अब्रू राहू द्या, तुमी राहा!" माझा आवाज फाटला. "तुमी गेल्यावर त्या हातगुणाचं काय लोणचं घालू? मला तुमी पायजेल. थरथरत असलं तरी पायजेल. गावाला काय, गाव उद्या दुसरा हात बघंल."

ह्ये असं मी चाळीस वर्सांत ह्यांना कवा बोलले न्हवते. बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली, आन् डोळ्यांतनं पाणी आलं ते थांबंना. 

आप्पासाहेबानं ते हसण्यावारी नेलं. "वैनी, तात्यांच्या नाकावर इस्वास न्हाय व्हय तुमचा? आख्ख्या तालुक्यात असं नाक न्हाय. बरोबर का न्हाय तात्या?"

"बरोबर," मालक म्हणले. मघापेक्षा लई बारीक आवाजात.

"मग व्हऊन जाऊ द्या," मी म्हणलं आन् घरात गेले. मांडणीवरनं हिंगाची डबी घेतली. खडा हिंग, कालच आणलेला. नुसतं झाकण उघडलं तर शेजारच्या घरात कळंल, आज आमच्यात आमटी हाय. बाहेर आले, संदेशला म्हणलं, "तात्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांध. घट्ट बांध. फट ठेवू नगस."

संदेशनं माझ्याकडं बघितलं. त्याला बारामतीची फट तवा कळली. त्यानं टॉवेल बांधला.

मी डबी उघडून मालकांच्या नाकाखाली धरली. मालकांनी वढून वास घेतला. पुन्हा घेतला. डोकं तिरकं केलं. वस्तीवरल्या दोघांनी तोंडावर रुमाल धरला, इतका वास सुटला व्हता.

"सांगा," मी म्हणलं.

"च्या पावडर," मालक म्हणले.

दोघं फसकन हसले. मला हसू आलं न्हाय.

"नीट सांगा."

"मग... साबण. न्हाय, थांब. लवंग असंल."

आता आप्पासाहेबबी सुटला. गडगडाट करून, मांडीवर थापा मारून हसाया लागला. "अरारा! तात्या, बागंत आज लवंगंची फोडणी दिली असती की तुमी!" मी म्हणलं, "आप्पासाहेब, हसताय खरं, पण तुमची बाग वाचली तेवढं ध्यानात ठेवा. आन् उद्या म्हणशीला वैनीनं डबीत कायतरी भलतंच ठेवलं. तुमीच वास घिऊन सांगा समद्यांना, हिंग हाय का न्हाय."

आप्पासाहेब हसत हसत म्होरं आला. डबी घेतली. नाकाजवळ नेली.

हसू जरा कमी झालं.

त्यानं डबी अजून जवळ नेली. एक नाकपुडी दाबली, दुसरीनं घेतला. मग दुसरी दाबली. बोट घालून खडा हलवला, पुन्हा नाक लावलं. मग माझ्याकडं बघून बारीक आवाजात इचारलं, "वैनी, खडा जुना हाय का?"

"कालचा हाय, आप्पासाहेब."

विजयसिंहानं त्याच्या हातातली डबी वढून घेतली. वास घेतला आन् झटक्यानं त्वांड फिरवलं. "आप्पा, अरं मस्तकात गेला!" त्यानं डबी वस्तीवरल्या दोघांकडं दिली. पहिला शिंकला. दुसरा, त्योच मघाशी रुमाल लावून हसत व्हता, त्यानं डबी नाकाला लावली आन् लावूनच उभा राहिला. मी म्हणलं, "बाबा, मघाशी रुमाल कशाला लावला व्हतास?" तर म्हणतो, "समद्यांनी लावला म्हणून."

 

मालकांनी आपल्या हातानं टॉवेल सोडला. गाठ घट्ट व्हती, बोटं ऐकत न्हवती, येळ लागला. संदेश म्होरं झाला, तर त्याला हातानं थांबवलं. टॉवेल निघाल्यावर आप्पासाहेबाकडं बघून इचारलं, "कवापासनं रं, आप्पा?"

"सर्दी असंल, तात्या."

"मीबी सर्दीच समजत व्हतो. तीन वर्सं."

आप्पासाहेब वट्यावर बसला. येवढा आडमाप माणूस, पण वट्याच्या कडंला पाव्हण्यावानी बसला. म्हणला, "म्हंजी मलाबी ते...? माझं हातपाय बरं हायती तात्या, ह्ये बघा." आन् दोन्ही हात म्होरं करून दाखवाया लागला. एकदा सरळ, एकदा उलटं. विजयसिंह म्हणला, बऱ्याच कारणांनी वास जातो आप्पा, गेल्या साली ताप येऊन गेला तवाबी गेला असंल. मालक म्हणले, "असंल. तसंच असू दे. पण ते आपण ठरवायचं न्हाय. मी बारामतीत त्या पोरीला डोळ्याच्या फटीतनं बघून खोटं सांगितलंय. सोमवारी जाऊन खरं सांगायचंय. तू चल."

"लोक काय म्हणतील, तात्या?"

"माझी बायको जे म्हणायचं ते आज म्हणलीया. त्याच्यावर लोकांचं काय राहिलं?"

मग त्यांनीच संदेशला सांगितलं, दोन्ही कॅन झाकण लावून बाजूला ठिव, पाटाकडं न्हिऊ नगस. विजयसिंहाला इंदापूरला धाडलं, लेबल असलेलं औषध आणायला, आन् संगं हातमोजं. त्या दिवशी दुपारनं आप्पासाहेबाची बाग फवारली. बॅरल लांब दांड्याच्या काठीनं ढवळला. मालक ट्रॅक्टरपास्नं वीस पावलं लांब बाजेवर बसून वरडून सांगत व्हते, 'हळू ढवळ, शिंतोडं उडत्यात.' मी त्यांच्याशेजारी.  पानाचा डबा त्यांनी माझ्याकडं सारला, त्यातनं काय म्हणायचं ते म्यां वळखलं.

पण ती रांग काय एका दिवसात मोडत न्हाय. शनवारी सकाळी दारात पुन्हा आठ-दहा माणसं. कुणाचा बॅरल, कुणाचं कॅन. तात्या, चला. मालक वट्यावर बसले व्हते, मी दाराच्या चौकटीत.  मालकांनी समद्यांना खाली बसवलं. म्हणले, माझं नाक गेलंय आन् हात चाललाय, त्याला काय म्हणत्यात ते बारामतीत सांगितलंय. गुणबिन काय न्हवता. बागा तुमच्या मेहनतीनं आल्या, आन् हात मी फुकट घातला.

लोकांना ते पटलं न्हाय. एक जण म्हणला, तात्या, गंमत करताय. दुसरा म्हणला, आमच्या बापाची बाग तुमच्या हातानं आली, असं कसं म्हणता? तिसरा तर चक्क म्हणला, नुसतं एक बोट बुडवा. मी फेकून माराया चप्पल शोधत व्हते.

मालक चिडले न्हाईत. ते म्हणले, "ह्या पाच-दहा वर्सांत ज्यानं ज्यानं उघड्या हातानं औषध ढवळलंय, आन् ज्याला वास कमी येतो, न्हायतर हात हालतो, न्हायतर पाय घसटतो, त्यानं हात वर करा. सोमवारी बारामतीला जायचंय. संदेशच्या गाडीत चार मावत्यात."

कुणी हात वर केला न्हाय. समदी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. कोण आधी, कोण आधी. आप्पासाहेब सुदिक माघारी खांबाला टेकून खाली मान घालून बसलेला.

तवा मालकांनी उजवा हात मांडीखालनं काढला आन् वर केला. सरळ, डोक्याच्या वर. साऱ्या गावाम्होरं त्यो हात थरथर हालत व्हता, बोटं तंबाखू मळत व्हती, आन् मालकांनी खाली घेतला न्हाय.  

मग खांबापासनं आप्पासाहेबाचा हात वर आला. मग वस्तीवरल्या त्या एकाचा. मग म्होरल्या रांगंतला एक, जो मघाशी बोट बुडवा म्हणत व्हता. मग माघारला एक. मग अजून एक. मग मी दारातनंच माझा वर केला, उसात तणनाशकाच्या सरीत डोकं धरून मीबी कैक दुपारी बसलेय.

संदेशनं माणसं मोजली, गाडीची किल्ली परत खिशात घातली, आन् सोमवारसाठी फोनवर छोटा हत्ती टेम्पो सांगितला.